पीडीएफला कुलूप घालताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रोग्राममधून तयार होणाऱ्या कागदपत्रांना पासवर्ड कसा लावायचा, याबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. कोडमधल्या आज्ञांची नावं उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष लिहिताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

प्रश्न : पायथनमध्ये लिहिलेला आमचा प्रोग्राम रोज पीडीएफ अहवाल तयार करतो. त्यांना पासवर्ड लावायचा आहे. कोणती लायब्ररी घ्यावी आणि नेमकं काय करावं?

दोन नावं लक्षात ठेवा : पायपीडीएफ आणि पायकपीडीएफ. जुन्या लेखांत ‘पायपीडीएफ२’ दिसेल, ते आता घेऊ नका. त्याचं काम थांबलं आहे आणि पुढचा सगळा विकास पायपीडीएफमध्येच होतो.

पायपीडीएफ घेतलंत तर ‘क्रिप्टो’ हा जोड भाग सोबत इन्स्टॉल करा. त्याशिवाय एईएस ही मजकूर सांकेतिक करण्याची (एन्क्रिप्शनची) पद्धत चालत नाही आणि प्रोग्राम ‘डिपेंडन्सी एरर’ देऊन थांबतो. क्रम असा : ‘पीडीएफ रायटर’ तयार करताना ‘क्लोन फ्रॉम’मध्ये मूळ फाइल द्या, मग ‘एन्क्रिप्ट’ला बोलवा, शेवटी ‘राइट’. एकेक पान उचलून नव्या रायटरमध्ये टाकण्याची जुनी पद्धत टाळा, तीत बुकमार्क मागे राहतात. ‘एन्क्रिप्ट’ला पासवर्डसोबत ‘अल्गोरिदम’ हा घटक आवर्जून द्या आणि त्याची किंमत ‘एईएस-२५६’ ठेवा. तो दिला नाही तर लायब्ररी कुरकुर न करता १२८ बिटची आरसी४ ही जुनी पद्धत वापरते. फाइलला पासवर्ड लागलेला दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

पायकपीडीएफमध्ये ‘सेव्ह’ करतानाच ‘एन्क्रिप्शन’ हा घटक द्यायचा असतो. त्यात ‘ओनर’ आणि ‘यूजर’ हे दोन पासवर्ड (त्यांतला फरक पुढच्या उत्तरात) आणि ‘आर’, म्हणजे एन्क्रिप्शन पद्धतीचा आवृत्ती क्रमांक, अशा तीन गोष्टी भरायच्या. ‘आर’ची किंमत ६ ठेवा, तीच मूळ नेमणूकही आहे. या लायब्ररीच्या पोटात क्यूपीडीएफ हे पीडीएफ हाताळणारं साधन आहे, त्यामुळे थोड्या बिघडलेल्या फाइलीही ती सहसा सांभाळून घेते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही हीच सुचवू.

फाइल तयार झाली की तिथेच तपासणी करा. पायकपीडीएफने पासवर्डशिवाय उघडून पाहा : ‘पासवर्ड एरर’ यायलाच हवी. चुकीचा पासवर्ड देऊन पाहा : पुन्हा तीच. बरोबर पासवर्ड देऊन पानांची संख्या मूळ फाइलशी जुळवा. या तिन्ही कसोट्या लागल्या तरच फाइल पुढे पाठवा. शिवाय ‘क्यूपीडीएफ’ला पासवर्डसह ‘शो एन्क्रिप्शन’ विचारलं की ‘आर = ६’ आणि पद्धत ‘एईएस व्ही३’ असं दिसलं पाहिजे.

प्रश्न : छपाई आणि कॉपी बंद केलेल्या आमच्या पीडीएफमधून एकाने मजकूर सरळ उचलला. पासवर्ड तर वीस अक्षरी होता. तो फुटला कसा?

फुटला नाही, फोडायची गरजच पडली नाही. पीडीएफला दोन पासवर्ड असतात. ‘यूजर’ पासवर्ड फाइल उघडण्यासाठी आणि ‘ओनर’ पासवर्ड बंधनं बदलण्यासाठी. तुमच्या फाइलीत बहुधा यूजर पासवर्ड रिकामा आहे आणि वीस अक्षरं ओनर पासवर्डात आहेत. अशी फाइल कुणालाही उघडता येते, म्हणजे मजकूर उलगडायची किल्ली रिकाम्या पासवर्डातूनच तयार होते. एकदा किल्ली हाती आली की सगळा मजकूर मोकळा. ‘कॉपी करू नये’ ही सूचना फाइलीतल्या ‘पी’ नावाच्या ३२ बिटच्या एका आकड्यात लिहिलेली असते : तिसरा बिट छपाईचा, चौथा बदल करण्याचा, पाचवा कॉपीचा, बारावा उत्तम दर्जाच्या छपाईचा. वाचणारं सॉफ्टवेअर सभ्य असेल तर ते सूचना पाळतं. नसेल तर नाही. क्यूपीडीएफला ‘डिक्रिप्ट’ एवढंच सांगितलं की अशा फाइलीवरची बंधनं कोणताही पासवर्ड न विचारता निघून जातात.

तेव्हा ओनर पासवर्ड म्हणजे भिंतीवरची पाटी, दाराचं कुलूप नव्हे. ‘येथे वाहने लावू नयेत’ लिहिलेल्या फाटकासमोर गाडी लावायला कुणाला किल्ली लागत नाही. मजकूर खरोखर लपवायचा असेल तर यूजर पासवर्डला पर्याय नाही. आणि ज्याला तो पासवर्ड दिला, तो मजकूर उचलू शकतो हे गृहीतच धरा.

आता याच्या उलट चूक. यूजर पासवर्ड भक्कम, पण ओनर पासवर्ड म्हणून रिकामी स्ट्रिंग गेली. कोडमध्ये हे सहज होतं, सेटिंगमधली जागा मोकळी राहिली की झालं. २५६ बिटच्या पद्धतीत दोन्ही पासवर्ड फाइल उघडू शकतात. त्यामुळे ओनर पासवर्ड रिकामा म्हणजे फाइल सताड उघडी, यूजर पासवर्ड कितीही मोठा असो. क्यूपीडीएफ अशी फाइल करायला नकार देतं. हवीच असेल तर ‘अलाउ इनसिक्युअर’ असं स्पष्ट लिहावं लागतं. सगळ्या लायब्ऱ्या एवढ्या सावध असतील असं धरून चालू नका. ओनर पासवर्डासाठी ‘सीक्रेट्स’ मॉड्यूलमधलं ‘टोकन यूआरएलसेफ’ ३२ बाइट देऊन वापरा. ४३ अक्षरांची स्ट्रिंग मिळते. ती पुढे लागणार नसेल तर कुठे साठवूही नका.

आणखी एक सापळा क्रमाचा. पायपीडीएफ, क्यूपीडीएफ आणि आयटेक्स्ट ही लायब्ररी यांत आधी यूजर, मग ओनर. जावातल्या पीडीएफबॉक्सच्या ‘स्टँडर्ड प्रोटेक्शन पॉलिसी’त मात्र आधी ओनर, मग यूजर. एका लायब्ररीतून दुसरीकडे कोड नेताना इथे हमखास अदलाबदल होते. फाइल उघडते, कारण पासवर्ड दोन्हीही चालतात. बंधनं तेवढी उलट्या माणसाला लागू होतात. पीडीएफबॉक्स वापरणाऱ्यांनी ‘सेट एन्क्रिप्शन की लेंग्थ’मध्ये २५६ लिहायलाही विसरू नये, लांबी सांगितली नाही तर ते ४० बिटवर समाधान मानतं.

प्रश्न : ४०, १२८, २५६ या आकड्यांनी प्रत्यक्षात काय फरक पडतो? जुन्या संगणकांवरही फाइल उघडायला हवी.

४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. आकडा दिसायला दांडगा, पण आजच्या संगणकाला त्या सगळ्या क्रमाने वापरून बघता येतात. पासवर्ड कितीही लांब असला तरी उपयोग नाही, कारण हल्ला पासवर्डवर होतच नाही, थेट किल्लीवर होतो. ही पद्धत बाद समजा.

१२८ बिटमध्ये दोन प्रकार : आरसी४ आणि एईएस. आरसी४ जुनी आणि डागाळलेली आहे. एईएस-१२८ त्यापेक्षा बरी, पण पासवर्डपासून किल्ली बनवताना तिथेही एमडी५ हे फंक्शन पन्नास वेळा फिरवतात, एवढंच. ग्राफिक्स कार्डाला ते काहीच जड नाही, म्हणून अंदाजाने पासवर्ड शोधणं सोपं पडतं.

२५६ बिटमध्येही दोन आवृत्त्या आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ॲडोबीने ॲक्रोबॅट ९ सोबत आणलेली ‘आर ५’ ही पहिली. तिच्यात पासवर्डची तपासणी एसएचए-२५६ या एमडी५सारख्याच फंक्शनच्या एकाच फेरीत उरकली होती. किल्ली लांब झाली, पण पासवर्डचे अंदाज मारणं आधीपेक्षा कितीतरी वेगवान झालं. नंतरच्या ‘आर ६’मध्ये ही चूक सुधारली : किमान ६४ फेऱ्या, आणि त्यांत एसएचए-२५६, ३८४, ५१२ यांची आलटूनपालटून गुंफण. २०१७ साली आलेल्या पीडीएफ २.० प्रमाणात हीच पद्धत आहे. पायपीडीएफमध्ये ‘एईएस-२५६-आर५’ आणि ‘एईएस-२५६’ असे दोन पर्याय दिसतात. दुसराच घ्या.

जुन्या संगणकाची अडचण असेल तर आधी तिथलं पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. एका जुन्या यंत्रासाठी सगळ्यांची फाइल कमकुवत करणं हा उलटा हिशेब आहे. अगदीच नाइलाज असेल तर एईएस-१२८, त्याखाली नाही.

प्रश्न : आम्ही ग्राहकांची जन्मतारीख हाच पासवर्ड ठेवतो, आठ आकडी. सोयीचं आहे. काही हरकत?

हरकत गणितात आहे. आठ आकडे म्हटलं की दहा कोटी शक्यता वाटतात. पण तारखा म्हणून पाहिलं तर शंभर वर्षांत दिवस फक्त ३६,५२५. एवढे अंदाज साधा लॅपटॉपही चटकन संपवतो, आर ६ असलं तरी. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष ही जोडीही लोकप्रिय आहे. ती तर आणखी तकलादू, कारण नाव बहुधा फाइलीच्या नावातच असतं. मग उरली शंभर वर्षं, म्हणजे शंभर अंदाज. वेबसाइटवर तीन चुकांनंतर खातं बंद करता येतं. फाइल एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की चुका मोजणारं कुणी नसतं.

‘सीक्रेट्स’ मॉड्यूलने बारा अक्षरी पासवर्ड बनवा. ‘रँडम’ मॉड्यूल नको, त्याचे आकडे पुढून-मागून ताडता येतात. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल ही गोंधळाची अक्षरं आधीच गाळा. पासवर्ड फोनवर सांगायची वेळ येतेच. आणि ज्या ईमेलला फाइल जोडली त्याच ईमेलमध्ये पासवर्ड लिहू नका. तो एसएमएसने पाठवा, किंवा ग्राहकाला एकदाच ठरवून द्या.

तरीही तारीखच वापरायचं वरून ठरलं असेल, तर निदान ती नीट वाचली जातेय का ते पाहा. तारखांची यादी एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की पुढचं शून्य गळतं. ०५०८१९९० चं ५०८१९९० होतं. प्रोग्राम निमूटपणे सात आकडी पासवर्ड लावतो आणि महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत जन्मलेल्या सगळ्यांची तक्रार येते, ‘फाइल उघडत नाही’. दहा तारखेपासून पुढच्यांची एकही नाही! यादी पांडाज या पायथन लायब्ररीने वाचत असाल तर ‘डीटाइप’ स्ट्रिंग ठेवा, पासवर्डची लांबी आठ नसेल तर तिथेच थांबा, आणि दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ने काढा.

प्रश्न : पासवर्ड मराठीत ठेवता येतो का?

आर ६ मध्ये येतो. तिथे पासवर्ड यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीने बाइटमध्ये बदलला जातो, मर्यादा १२७ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात, म्हणजे एकूण ४२ चिन्हं. ती पुरेशी आहेत. १२८ बिट आणि त्याखालच्या पद्धतींत रोमन धाटणीचीच अक्षरं चालतात आणि बत्तीस बाइटनंतरचं सगळं गुपचूप कापलं जातं.

येतो, पण ठेवू नका. ‘तिसऱ्या’ हा शब्दच घ्या. यातला रफार नसलेला, चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक नुक्तावाला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट मात्र वेगळे. प्रमाणानुसार पासवर्ड वापरण्याआधी त्यावर ‘सासलप्रेप’ नावाची साफसफाई व्हायला हवी. ती अदृश्य जॉइनर काढून टाकते, पण त्यामुळे उरतो ‘र्य’, म्हणजे ‘ऱ्य’शी गाठ पडतच नाही. शिवाय एखाद्या लायब्ररीने ही पायरी गाळली असेल तर आणखी तिसराच प्रकार. आकड्यांचंही तसंच : मराठी कळफलकावरचा ‘५’ आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं, ती कोणतीच साफसफाई एक करत नाही. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच असू द्या.

प्रश्न : पासवर्ड लावलेल्या पीडीएफवर नंतर दुसऱ्या प्रोग्रामने शिक्का टाकतो. बाहेर येणारी फाइल पासवर्ड न विचारताच उघडते. दोष कुठे?

‘सेव्ह’च्या ओळीत. पायकपीडीएफमध्ये फाइल पासवर्ड देऊन उघडली आणि नुसतं ‘सेव्ह’ म्हटलं की आधीचं एन्क्रिप्शन निघून जातं. हा बिघाड नाही, ठरवलेलं वागणं आहे. आधीचीच रचना पुढे न्यायची तर ‘एन्क्रिप्शन’ची किंमत ‘ट्रू’ द्या. त्याहून चांगलं म्हणजे क्रमच बदला : शिक्का, पानांचे क्रमांक, जोडपानं हे सगळं आधी उरका आणि कुलूप सर्वांत शेवटी घाला.

अपवाद डिजिटल सहीचा. सही फाइलीतल्या बाइटवर केलेली असते आणि एन्क्रिप्शन ते बाइटच बदलतं. सही करून मग पासवर्ड लावलात तर सही मोडते. तिथे आधी पासवर्ड, मग सही. आणि दीर्घकाळ जतन करायच्या पीडीएफ-ए प्रकारात एन्क्रिप्शनला मुळी परवानगीच नाही.

प्रश्न : पायथनमधल्या ओपनपायएक्सेल लायब्ररीने एक्सेलच्या शीटला पासवर्ड लावला, तरी फाइल कुणालाही उघडते.

उघडणारच. ‘शीट प्रोटेक्शन’ हे घरंगळत्या बोटांपासूनचं संरक्षण आहे, चुकून सूत्र पुसलं जाऊ नये एवढ्यासाठी. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात झिप. तिचं एक्सटेन्शन बदलून उघडा, शीटच्या एक्सएमएलमधला ‘शीट प्रोटेक्शन’ हा एक टॅग पुसा, पुन्हा झिप करा, बंधन गेलं.

खरं एन्क्रिप्शन वेगळं असतं. त्यात संपूर्ण झिप उलगडता न येणाऱ्या रूपात एका जुन्या धाटणीच्या ‘कंपाउंड’ फाइलीच्या पोटात जाते. ओळखायची खूण सोपी : साध्या एक्सएलएसएक्सचे पहिले दोन बाइट ‘पीके’ असतात, एन्क्रिप्ट केलेलीची सुरुवात ‘डी० सीएफ ११ ई०’ अशी होते. ओपनपायएक्सेल अशी फाइल वाचू शकत नाही, ‘ही झिप नाही’ असं म्हणतं, आणि लोक फाइल खराब झाली समजतात. पायथनमध्ये ‘एमएसऑफक्रिप्टो’ हे साधन यासाठी आहे. उलगडण्यात ते पक्कं आहे. पासवर्ड लावण्याची सोय ते स्वतःच प्रायोगिक म्हणवतं, म्हणून तयार फाइल खऱ्या एक्सेलमध्ये उघडून बघाच. जावात अपाचे पीओआय ही लायब्ररी : ‘एन्क्रिप्शन इन्फो’ला ‘अजाइल’ सांगा, ‘कन्फर्म पासवर्ड’, मग ‘गेट डेटा स्ट्रीम’मध्ये लिहा. वर्डच्या डीओसीएक्सलाही हेच सगळं लागू. ऑफिस २०१३ पासूनच्या फाइलींत एसएचए-५१२ च्या एक लाख फेऱ्या असतात, त्यामुळे बरा पासवर्ड असेल तर हे संरक्षण चांगलंच टिकतं.

प्रश्न : सगळ्या फाइली एका पासवर्डच्या झिपमध्ये टाकल्या तर?

पायथनचं मूळ ‘झिपफाइल’ पासवर्डची झिप उघडतं, बनवत नाही. त्यासाठी ‘पायझिपर’ घ्या आणि एईएस निवडा. ‘झिपक्रिप्टो’ ही जुनी पद्धत नको. आतल्या फाइलीचे थोडेसे बाइट माहीत असले की ती उलगडण्याची रीत १९९४ पासून प्रसिद्ध आहे. दोन अडचणी उरतात. झिपमधल्या फाइलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात, म्हणून नावातच गुपित नको. आणि विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये एईएसची झिप नीट उघडेलच असं नाही, समोरच्याकडे ७-झिपसारखं काही असावं लागतं.

प्रश्न : कोड बरोबर, पासवर्ड मजबूत, तरी लेखापरीक्षकाने सर्व्हरवर उघडी पीडीएफ शोधून दाखवली!

ती तात्पुरती प्रत असणार. पीडीएफ आधी ‘टेम्प’ फोल्डरमध्ये लिहायची, मग तिची कुलूपबंद प्रत करायची, आणि मधेच काही अडलं तर पहिली तशीच पडून राहते. शक्य असेल तिथे मूळ फाइल डिस्कवर उतरवूच नका. ‘बाइट्स आयओ’मध्ये मेमरीतच बनवा आणि एन्क्रिप्ट झालेलीच लिहा. डिस्कशिवाय चालत नसेल तर पुसण्याची ओळ ‘फायनली’मध्ये ठेवा, म्हणजे मधे एरर आली तरी ती चालते.

तेवढ्याच निगुतीने लॉग पाहा. एरर आल्यावर फंक्शनचे सगळे घटक छापायची सवय असेल तर पासवर्डही छापला जातो. क्यूपीडीएफ कमांडमधून चालवत असाल तर पासवर्ड थेट ओळीत लिहू नका. तो शेलच्या इतिहासात राहतो आणि त्या यंत्रावरच्या इतरांना प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो. शिवाय पासवर्डात डॉलरचं चिन्ह असेल आणि तो दुहेरी अवतरणात असेल, तर शेल पुढची अक्षरं व्हेरिएबलचं नाव समजून खातो. लागतो भलताच पासवर्ड. क्यूपीडीएफला ‘ॲट’ चिन्हासोबत फाइलीचं नाव दिलं की ते आपले घटक त्या फाइलीतून वाचतं, ओळीला एक. ‘ॲट’नंतर नुसती आडवी रेघ दिली तर ते घटक प्रोग्रामकडून थेट घेता येतात, आणि डिस्कवर काहीच उरत नाही.

प्रश्न : पासवर्ड हरवला तर?

आर ६ आणि बारा बेहिशेबी अक्षरं असतील तर फाइल गेली. मूळ माहितीतून अहवाल पुन्हा तयार करा.